वस्तीत लसीकरणाची आघाडी कशी उभी करायची: ठाणे-नवी मुंबईत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

नवीन मंडळी या कामात आली की पहिला प्रस्ताव बहुतेक ठरलेला असतो, रॅली काढू, बॅनर लावू, पथनाट्य करू. उत्साह असायलाच पाहिजे, पण माझं स्पष्ट मत आहे की बॅनर नंतर, आधी यादी. म्हणजे आपल्या वस्तीत दोन वर्षांच्या आतली मुलं किती, त्यातल्या कोणाची कुठली लस राहिलीय आणि का राहिलीय, हे नावानिशी माहीत पाहिजे. कारण आपल्याकडे लस नकोच म्हणणारी घरं थोडी असतात, बहुतेक मुलांची लस राहते ती आईला कामावरून वेळ मिळाला नाही, गावाला गेले होते, लसीचं कार्ड हरवलं, मागच्या वेळी बाळाला ताप आला म्हणून घाबरले, नाहीतर लसीकरणाचं सेशन कुठल्या दिवशी कुठे असतं हेच कोणी सांगितलं नाही, अशा साध्या कारणांनी. आणि ही कारणं एकटी आशाताई सोडवू शकत नाही, एकटी संस्थाही नाही. म्हणून आघाडी लागते.

हे काम किती गरजेचं आहे ते 2022 च्या शेवटी सगळ्यांनी बघितलंय. गोवंडीत गोवराची साथ आली, मग भिवंडी, मालेगाव, मुंब्रा असं करत पसरली, लहान मुलं गेली त्यात. कोविडच्या दोन वर्षांत राहून गेलेले डोस हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. गोवर इतका पसरतो की तो थांबवायला 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पूर्ण लसीकरण झालेली 76.4 टक्के निघाली होती. आणि हा सरासरीचा आकडा आहे, त्याच्यात एकीकडे सगळे डोस वेळेवर झालेली टॉवरमधली मुलं आणि दुसरीकडे एकही सुई न टोचलेली झोपडपट्टीतली मुलं एकत्र मोजली जातात. आपलं काम त्या दुसऱ्या मुलांसाठी आहे.

आधी वेळापत्रक पाठ करा

हे टाळू नका प्लीज. आईने विचारलं आणि तुम्ही गडबडलात तर ती पुढच्या वेळी तुमचं ऐकणार नाही. सरकारी वेळापत्रक असं आहे: जन्मल्यावर बीसीजी (क्षयरोगाची), पोलिओचा झिरो डोस आणि हिपॅटायटिस बी (हा 24 तासांच्या आत). मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, या तिन्ही वेळा पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस (जुलाबावरची). दीड आणि साडेतीन महिन्याला पोलिओचं इंजेक्शन आणि न्यूमोनियाची पीसीव्ही पण. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन (हे 2023 पासून सुरू झालं) आणि जीवनसत्त्व अ. दीड वर्षाच्या आसपास, म्हणजे 16 ते 24 महिन्यांत, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओचा बूस्टर. मग पाचव्या वर्षानंतर डीपीटीचा दुसरा बूस्टर, आणि 10 व 16 वर्षांना टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची). पेंटाव्हॅलंट एकच सुई असली तरी तिच्यात पाच आजारांवरची लस असते, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (मेंदुज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू). हे सगळं फुकट आहे, महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात आणि वस्तीतल्या सेशनला.

एक गोष्ट तर अगदी ठळक लक्षात ठेवा, डोस उशिरा झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे. आणि बाळाला थोडी सर्दी, साधा खोकला किंवा किरकोळ जुलाब आहेत म्हणून लस पुढे ढकलायची नसते. या दोन वाक्यांवर कितीतरी मुलं परत येतात, कारण आईच्या मनात असतं की आता उशीर झालाय, सिस्टर ओरडतील, म्हणून ती येतच नाही.

पायरी पहिली: माणसं जमवा, पण प्रत्येकाला एकच काम द्या

आघाडी म्हणजे लेटरहेडवर पंधरा संस्थांची नावं नव्हे. प्रत्येक माणसाकडे असं काहीतरी असतं जे बाकीच्यांकडे नसतं, तेवढंच त्याच्याकडून मागायचं. बचत गटाच्या ताईंना कोणाच्या घरी बाळ झालंय ते सगळ्यात आधी कळतं. अंगणवाडी सेविकेकडे आहाराची यादी असते, वजनाचं रजिस्टर असतं. मित्रमंडळाच्या पोरांकडे मंडप, खुर्च्या, पंखा आणि स्पीकर. मशिदीतून नमाजनंतर मौलानासाहेबांनी सांगितलेल्या दोन वाक्यांना जे वजन आहे ते आपल्या दहा बॅनरना नाही. गल्लीतला जो डॉक्टर रोज रात्री दहापर्यंत दवाखाना उघडा ठेवतो, त्याच्याकडे आई ताप आला की आधी जाते, म्हणून तो आपल्या बाजूला पाहिजेच पाहिजे. केमिस्ट, किराणावाला, खोल्या भाड्याने देणारे काका (घणसोली, कोपरखैरणेच्या गावठाणात तर नवीन भाडेकरू कधी आला हे त्यांनाच माहीत असतं), बांधकाम साइटचा मुकादम, रोटरीवाले, बालरोगतज्ज्ञ, कॉलेजची एनएसएसची मुलं, सगळे उपयोगी आहेत पण एका वेळी एकच काम.

शहरी आरोग्य अभियानात प्रत्येक वस्तीसाठी महिला आरोग्य समिती असते, साधारण 50 ते 100 घरांमागे एक, आणि तिला वर्षाला 5000 रुपयांचा अनटाइड फंड, म्हणजे गरजेप्रमाणे खर्च करता येणारा निधी असतो. तुमच्या भागात ती आहे का, नुसती कागदावर आहे का, ते आशाताईला विचारा. असेल तर नवीन समिती बनवू नका, तिलाच जागी करा. आधीच चालू असलेल्या कामाला लसीकरण जोडायचं, नवीन काम उभं करायचं नाही, हा या सगळ्याचा पाया आहे. न्यूयॉर्कमध्ये हार्लेम आणि वॉशिंग्टन हाइट्स या भागांत स्टार्ट राइट नावाच्या आघाडीने हेच केलं होतं, बालवाड्या, पालकांचे वर्ग, मदत केंद्रं जी आधीपासून चालू होती त्यांच्यातच लसीची चौकशी आणि आठवण घालून टाकली. आपल्याकडे उत्तर प्रदेशात पोलिओच्या वेळी घरोघरी जाणाऱ्या स्थानिक बायका, इमाम, शाळकरी मुलांच्या टोळ्या, सगळे एकाच यादीवर काम करत होते. भारतातला नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्याचा, आणि 27 मार्च 2014 ला आपला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. हे असंच वस्ती-वस्तीतून झालंय.

पायरी दुसरी: आरोग्य केंद्रात जाऊन बसा

काहीही जाहीर करण्याआधी तुमच्या भागाच्या नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, आणि मागण्यांची यादी घेऊन जाऊ नका, एवढंच विचारा की मॅडम तुमच्या मायक्रोप्लॅनमध्ये (कुठल्या वस्तीत कधी सेशन, त्याच्या आराखड्यात) कुठली वस्ती अवघड जाते, आम्ही काय करू शकतो. आशाताई आणि एएनएम, म्हणजे लस टोचणाऱ्या सिस्टर या दोघी या कामाचा कणा आहेत, त्यांच्या डोक्यावर आधीच सतरा सर्व्हे असतात, त्यांना वाटलं की हे लोक आपल्या चुका काढायला आलेत तर संपलं सगळं. त्यांना आदराने वागवा, चहा विचारा, त्यांच्या कामाचं श्रेय त्यांनाच द्या, मीटिंगमध्ये आणि पेपरात पण.

हद्दीचा प्रश्न आपल्याकडे फार मोठा आहे. विटावा ठाणे महापालिकेत, लागून असलेला दिघा नवी मुंबईत. शिळ ठाण्यात, महापे नवी मुंबईत. खारघर, कामोठे पनवेल महापालिकेत. नाल्याच्या या काठावरची घरं एका पालिकेच्या यादीत आणि त्या काठावरची दुसऱ्या, मग मधली पन्नास घरं कोणाच्याच यादीत नसतात. नकाशा पुढ्यात ठेवून सिस्टरना विचारा की नक्की कुठून कुठपर्यंत तुमचं, आणि मग त्या रेषेवर स्वतः चालून या. मला विचाराल तर पहिल्या महिन्यात एवढं एक काम नीट झालं तरी पुष्कळ.

पायरी तिसरी: यादी

आशाताई सेशनच्या आधी ड्यू लिस्ट, म्हणजे कोणाची कुठली लस द्यायची आलीय त्याची यादी करते, तीच आपली यादी. वेगळा सर्व्हे करू नका, तिच्यासोबत फिरा आणि तिच्या यादीत जे सुटलेत ते भरा. कोण सुटतं? घरमालकाने वरचा मजला चढवून भाड्याने दिलेल्या खोल्यांमधले, पाइपलाइनच्या कडेचे, दगडखाणीजवळचे, घोडबंदर रोडच्या साइटवर लेबर कॅम्पात राहणारे, पुलाखालचे, येऊरच्या लांबच्या पाड्यांवरचे, आणि हो, मोठ्या सोसायटीत काम करणाऱ्या मावशी ज्या सकाळी सहाला बाहेर पडतात आणि घरी कुलूप असतं. पोलिओच्या फेरीत दारावर खडूने पी आणि एक्स लिहितात ते आठवतंय ना, एक्स म्हणजे या घरातलं मूल राहिलं. तर आपल्याला एक्स घरांवरच परत जायचंय, संध्याकाळी, रविवारी, जेव्हा कुलूप नसेल तेव्हा.

यादीत दोन प्रकारची मुलं वेगळी लिहा. एक, ज्यांना पेंटाचा पहिला डोसच मिळाला नाही, यांना झिरो डोस म्हणतात. दुसरी, सुरुवात झाली पण मधेच थांबली, ही ड्रॉप-आउट. दोघांची कारणं वेगळी असतात म्हणून औषधही वेगळं. झिरो डोसवाल्या घरापर्यंत यंत्रणाच पोचलेली नसते, किंवा त्यांचा विश्वास नाही, तिथे ओळखीचा माणूस घेऊन जावं लागतं. ड्रॉप-आउटची आई एकदा आली होती म्हणजे तिला लस पटलेली आहे, मग तिच्यासोबत मधे काय झालं ते शोधायचं. हिशोब सोपा आहे, समजा 60 मुलांना पेंटाचा पहिला डोस मिळाला आणि तिसरा 48 ना, तर 12 गळाली, म्हणजे 20 टक्के. हा एक आकडा दर महिन्याला वस्तीनुसार काढा. कुठे अडतंय ते त्यातच दिसतं.

खाजगीत लस घेणारेही विचारून नोंदवा, त्यांची फाइल वेगळी असते आणि सरकारी यादीत ते मूल राहिलेलंच दिसतं. आणि यादीचा फोटो व्हॉट्सअपच्या ग्रुपवर टाकायचा नाही, कधीच नाही. मुलांची नावं, पत्ते, कोणी लस नाकारली, हे सगळं घराघरातलं असतं, ते आशाताई आणि दोन ठरलेल्या माणसांच्या बाहेर जाता कामा नये. ग्रुपवर फक्त आकडे.

पायरी चौथी: कारण विचारा आणि तेवढाच अडथळा काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

माहेर आणि गाव हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण. बाळंतपणाला पोरगी जालन्याला, बीडला, सोलापूरला नाहीतर जौनपूरला जाते, बाळ तिथे जन्मतं, बीसीजी तिथे होते, तीन-चार महिन्यांनी इकडे येते आणि कार्ड गावाला कपाटात. इथे आशाताईच्या यादीत ती गरोदर म्हणून होती पण डिलिव्हरी इथे नाही, म्हणून बाळाचं नाव चढतच नाही. उपाय असा की गरोदर बाईच्या यादीवरूनच तिच्या अंदाजे तारखेनंतर दीड महिन्याने फोन करायचा, ताई बाळ कसंय, कुठली लस झाली, कार्डाचा फोटो पाठवायला सांगा दादाला. बचत गटातली एक ताई हे काम फार छान करते, कारण तिचा फोन चौकशीचा वाटतो, सरकारी वाटत नाही. कार्ड नसेल तरी लस मिळते, हे सांगा. यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नोंद असेल तर मोबाइल नंबरवरून सापडते आणि दुसऱ्या शहरातसुद्धा पुढचा डोस घेता येतो.

दुसरं कारण वेळ. सेशन सकाळी असतं, आणि लेबर नाक्यावर उभं राहणारे, एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला जाणारे, मार्केटला माल निवडायला जाणाऱ्या बाया यांची रोजी त्याच वेळी. एक दिवसाची मजुरी सोडून ये म्हणणं सोपं आहे हो, पण घरात त्या दिवशीचा तांदूळ त्याच मजुरीतून येणार असतो. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांना संध्याकाळचं किंवा रविवारचं सेशन मागा, पण हात हलवत जाऊ नका, सांगा की अमुक वस्तीत एवढी मुलं ड्यू आहेत, ही यादी, जागा मंडळ देतंय, बर्फाच्या कॅरिअरला सावली आहे, वीज आहे, लस परत शीतगृहाला पोचवायला गाडीची सोय करतो. तयारी दिसली की होकाराची शक्यता खूप वाढते. केंद्रात नाहीच जमलं तर महापालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली लसीकरणाची सिटी टास्क फोर्स असते, तिथे विषय जाऊ द्या, पण आधी केंद्रातल्या मॅडमना सांगून. त्यांच्या पाठीमागे नको.

तिसरं ताप. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, मांडी सुजते, बाळ रडतं, आणि चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत रात्रभर बाळ रडलं की सासू, नवरा, शेजारी सगळे आईलाच बोलतात. पुढच्या डोसला ती येत नाही त्यात तिचा दोष काय. तर आधीच सांगायचं की ताप येऊ शकतो, सिस्टरनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामोल द्या, दूध पाजत राहा, सुईच्या जागी काही चोळू नका. बीसीजीच्या जागी महिनाभराने बारीक फोड येते, व्रण राहतो, ते चांगलंच लक्षण. आणि मग, हे महत्त्वाचं, दुसऱ्या दिवशी एकीने जाऊन किंवा फोन करून विचारायचं की रात्र कशी गेली. ताप खूप चढला, झटका आला, बाळ सुस्त पडलं, तर थांबायचं नाही, लगेच केंद्रात किंवा 108 ला फोन. हा दुसऱ्या दिवशीचा फोन आघाडीने घेतला ना तर सगळ्यात जास्त फरक पडतो असं मी ठामपणे सांगते.

चौथं, एकाच दिवशी दोन-तीन सुया बघून घाबरणं. एकत्र देणं सुरक्षित आहे, आणि वेगवेगळ्या दिवशी दिल्या तर तेवढ्या खेपा आणि तेवढी मजुरी जाते, हे शांतपणे सांगा.

आणि मग खरोखर नको म्हणणारे. यांच्याशी वाद घालू नका, घोळक्याने तर अजिबात जाऊ नका. गोवर उठला की देवीचं आहे, सुई नको असं म्हणणारी आजी असते, कोणी व्हॉट्सअपवर आलेला व्हिडिओ दाखवतो. आधी ऐकून घ्या पूर्ण. मग ज्याचं ते घर ऐकतं असा माणूस शोधा, कुठे मौलानासाहेब, कुठे गल्लीतला डॉक्टर, कुठे ज्या शेजारणीच्या नातवाला लस झालीय ती काकी. रेशन बंद होईल, शाळेत घेणार नाहीत असल्या धमक्या कोणी देत असेल तर तिथेच थांबवा, अशाने एक डोस मिळेल पण पुढची पाच वर्षं ते दार बंद.

पायरी पाचवी: सेशनचा दिवस

आदल्या संध्याकाळी यादीतल्या घरी तोंडी निरोप, सकाळी एक फेरी. बसायला जागा, प्यायला पाणी, बाळाला पाजायला आडोसा. दहा पोरं नको, दोघं-तिघं पुरे, एकाने रांग, एकाने कार्ड तपासायचं, एकाने आलेच नाहीत त्यांच्याकडे जायचं. गोवर-रुबेला आणि बीसीजीची बाटली एकदा तयार केली की चार तासांत वापरावी लागते, म्हणून मुलं वेळेत एकत्र आणलीत तर लस वाया जात नाही. पण एकच मूल आलं तरी बाटली उघडायची असाच नियम आहे, कोणत्याही आईला उद्या या म्हणून परत जाऊ देऊ नका. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवा, तेवढ्या वेळात सिस्टर चार गोष्टी सांगतात, कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढे कधी यायचं, कार्ड जपून ठेवा. सिस्टरना घाई असेल तर तुम्ही परत सांगा.

भेटवस्तू वाटायचं मनात असेल तर साधं काही द्या, कार्ड ठेवायला प्लॅस्टिकचं पाकीट सगळ्यात उपयोगी. बाळाच्या पावडर दुधाच्या कंपनीकडून काहीही घेऊ नका, 1992 चा कायदाच आहे त्याच्या प्रचाराविरुद्ध.

पायरी सहावी: टिकवणं

महिन्यातून एकदा अर्धा तास भेटा, अजेंडा एकच, मागच्या यादीतली किती मुलं झाली, उरलेली का राहिली, कोण कोणाकडे जाणार. भाषणं नकोत, नगरसेवक आले तर त्यांनाही एक घर द्या.

नऊ महिन्यांनंतर लोकांना वाटतं झालं सगळं, आणि दीड वर्षाचा बूस्टर राहतो, गोवराचा दुसरा डोस त्याच वेळी असतो म्हणून पंधरा महिने पूर्ण झालेल्यांची वेगळी यादी करा. एप्रिल-मेमध्ये निम्मी वस्ती गावाला जाते, तेव्हा मार्चमध्येच प्रत्येक ड्यू मूल गाठा, कार्डाचा फोटो आईच्या आणि बाबाच्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवायला लावा आणि सांगा की गावच्या उपकेंद्रातही पुढचा डोस मिळतो. जून उजाडला की परत आलेल्यांची आणि नव्याने आलेल्यांची नावं चढवायची. त्याच वेळी शाळेत पहिलीचे प्रवेश चालू असतात, मुख्याध्यापकांना भेटून ठेवा, पाच वर्षांच्या डीपीटी बूस्टरची चौकशी तिथेच होते, फक्त कार्ड नाही म्हणून कुठल्या मुलाचा प्रवेश अडणार नाही एवढं त्यांच्याशी आधी बोलून घ्या.